मदत हवी आहे: पाढा पाठ झाला की खाऊ, पण आता परवडत नाही

नमस्कार ताई-दादांनो. मुलगी तिसरीत आहे. पाढा पाठ झाला, शुद्धलेखन नीट आलं की कोपऱ्यावरच्या दुकानातून १० रुपयांचं चॉकलेट किंवा कुरकुरे, अशी सवय लागली आहे. तिला मिळालं की धाकट्यालाही हवंच. यांचा ओव्हरटाइम बंद झाल्यापासून रोजचे २० रुपये फार जड जातात; तेवढ्यात घरात दूध येतं.

दाण्याचा कूट आणि गूळ घालून लाडू करून पाहिले. (धाकटा ३ वर्षांचा, अख्खे दाणे घशात अडकतात म्हणून कूटच.) आवडीने खातात. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पोटालाही चांगलं. पण मन अडतं ते इथेच. लाडू बक्षीस केला, तर पाढा चुकला त्या दिवशी तिला द्यायचा नाही का? अंगाला लागणारं खाणं मी अडवून धरणार नाही. लाडू तिला रोज मिळालाच पाहिजे.

मग शाबासकी म्हणून काय द्यावं? गोष्ट सांगणं, भाकरी थापायला देणं एवढं सुचलंय. तुमच्याकडे बिनपैशाचं काय चाललं? आणि दुकानासमोरून जाताना ती रडायला लागते, तेव्हा काय सांगता?