मदत हवी आहे: घरात माणसं पाच, तऱ्हा पाच, स्वयंपाक एक. कर्बोदकं कमी कशी करू?

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज पहिलाच धागा काढतेय, तोही पार हात टेकल्यावर. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

नवरा ४६ वर्षांचा. गेल्या महिन्यात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा, कर्बोदकं कमी करा, तीन महिन्यांनी या." कमी म्हणजे किती, कशातली, आणि त्या जागी काय, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. साबा (सासूबाई) ७३ च्या, पंधरा वर्षांचा मधुमेह, गोळ्या चालू, अंगाने आधीच काडी. लेक १५ ची, रोज दीड तास पोहते. धाकटा ८ वर्षांचा, त्याचं जेवण म्हणजे भात, बटाटा आणि वाद. राहिले मी: ४२, दहाएक किलो जास्त, रिपोर्ट सगळे ठीक.

मी काय केलं ते ऐका आणि हसा. एका रविवारी तांदळाचा डबा माळ्यावर टाकला. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायला लावलं. बदामाच्या पिठाच्या पोळ्या केल्या (लाटताना चिरा, भाजताना तुकडे, शेवटी चमच्याने खाल्ल्या). तिसऱ्या दिवशी लेक पोहून आली ती थेट सोफ्यावर आडवी. धाकटा मित्राकडे पोटभर जेवून आला. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो रात्री साडेअकराला फ्रिजच्या उजेडात जॅम-पाव खाताना सापडला.

इथपर्यंत गंमत होती. पाचव्या दिवशी दुपारी साबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर मोजायच्या मीटरवर ६२. साखरपाणी दिलं, थोड्या वेळाने सावरल्या, पण माझे हातपाय गळाले. त्याच दिवशी डबा खाली उतरवला.

आता विचारायचं ते असं. पाच जणांना पाच ताटं रांधणं मला जमणार नाही, नोकरी आहे. एकाच स्वयंपाकात हे बसवता येतं का? मुलांचं कमी करायचं की नाही? आणि नवऱ्याचं किती करायचं? अनुभव असलेल्यांनी सांगा. "मनावर घेतलं की सगळं होतं" असा सल्ला नको, मनावर घेऊन झालंय.

प्रतिसाद १
ताई, आधी साबांचं बघू, बाकी सगळं थांबू शकतं. मी औषधांच्या क्षेत्रात काम करते, डॉक्टर नाही. गोळ्यांची पाकिटं काढून नावं वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, ताटात भात असो वा नसो. गोळी तेवढीच राहिली आणि पिष्टमय खाणं एकदम निम्म्यावर आलं, की साखर कोसळते. ७० च्या खाली गेली की ते धोक्याचंच समजायचं. तुम्ही केलंत ते बरोबर होतं: साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, वर आली नसेल तर पुन्हा द्यायची. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

दुसरं, गोळीच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन), तर कर्बोदकं फार कमी करणं वेगळ्याच कारणाने घातक आहे. रक्तात कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साठून आम्ल वाढू शकतं, आणि त्या वेळी मीटरवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. त्यामुळे या वयात, या गोळ्यांवर, जेवणात मोठा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

धागाकर्ती
पाकिटं काढली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आज त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ग्लिमेपिराइडची मात्रा कमी केली आणि जेवणाच्या वेळा पाळायला सांगितलं. वर थोडं ऐकूनही घेतलं. साबा मात्र मजेत: "तुझ्या फ्लॉवरने मला माझी गोळी कमी करून मिळाली."

प्रतिसाद २
मी आकडेमोडवाला माणूस, तेवढंच बोलतो. स्वयंपाकघरात वजनकाटा आहे का? नसेल तर आणा, आणि आठवडाभर काहीही न बदलता फक्त नवऱ्याचं खाणं लिहा. ठोकताळे असे: शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे २८ ग्रॅम कर्बोदकं. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत २१ च्या आसपास. उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला २०. केळं सोलून १०० ग्रॅम भरलं तर २३. दूध १०० मिलीला ५. अंड्यात एक ग्रॅमही नाही, आणि प्रथिनं ६ ग्रॅम. डाळीत कर्बोदकं असतात हे बरेच जण विसरतात: कोरड्या १०० ग्रॅम डाळीत ६० ग्रॅम. पण सोबत २२-२४ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतू (फायबर) येतात, म्हणून डाळीला हात लावू नका, उलट घट्ट करा.

मोजण्याआधी कापाकापी केली की चुकीच्या ठिकाणी सुरी चालते. आणि "लिहा" म्हणजे चहासुद्धा.

प्रतिसाद ३
एवढं मोजमाप कशाला? तांदूळ-गहू बंद करून ज्वारी, नाचणी, ओट्स सुरू करा. आमच्याकडे तेच केलं.

प्रतिसाद २ वाले पुन्हा
जरूर खा, तंतू जास्त मिळतात. पण ही सगळी धान्यंच आहेत. कोरडं १०० ग्रॅम घेतलं तर कोणत्याही धान्यात ६५ ते ८० ग्रॅम कर्बोदकं निघतात. पीठ बदललं म्हणून चारऐवजी सहा खाल्ल्या तर कमी काय झालं? गुळाचं आणि मधाचंही तेच. साखरेला बहीण-भाऊ आहेत ते.

प्रतिसाद ४
अहो, इतकं घाबरताय कशाला? मी पोळी-भात-फळं सगळं बंद करून दोन महिन्यांत नऊ किलो उतरवले. पहिल्याच आठवड्यात तीन! अर्धवट करण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद ५
वरच्यांचं अभिनंदन, पण पहिल्या आठवड्यातले तीन किलो म्हणजे बरंचसं पाणी. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर (ग्लायकोजेन) एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून असते. साठा संपला की पाणीही जातं, भात खाल्ला की परत येतं. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ लोकांवर वर्षभर तुलना केली होती: निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. वर्षाअखेरीला पहिल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.० किलो. हा फरक गणिताच्या दृष्टीने नगण्य ठरला. म्हणजे टिकेल ते करा. चार दिवसांत ज्याचा नवरा फ्रिजपाशी सापडतो त्या घराने टोकाचं करू नये.

उंबरठ्यावरच्या माणसासाठी त्याहून कामाचं संशोधन २००२ चं अमेरिकेतलं. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच लक्ष्य होतं. जवळजवळ तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या नवऱ्याचं वजन ८० असेल तर ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. डोंगर नाही हा.

प्रतिसाद ६
मुलांबद्दल बोलते, दोन वाढवली आहेत. मुलांचा भात-पोळी कमी करू नका. त्यांच्यात कमी करण्यासारखं म्हणजे गोड पेयं, बिस्किटं, पाकिटातलं खाणं. फळांचा रस "पौष्टिक" म्हणून देत असाल तर तोही थांबवा. १०० मिली रसात १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, कोल्यापेक्षा वेगळी कथा नाही. अख्खं फळ द्या. पोहणाऱ्या मुलीला तर पोहून आल्यावर अर्ध्या-एक तासात काहीतरी पिष्टमय आणि सोबत प्रथिनं हवीतच. दूध-केळं किंवा अंडं-पोळी, काहीही चालेल. ती सोफ्यावर पडली ते आळसाने नव्हे हो, टाकी रिकामी होती.

आणि एक सांगू? धाकट्याच्या देखत "भात वाईट" असं म्हणू नका. माझ्या मोठीने तेरा-चौदाव्या वर्षी पोळीकडे बघून रडायला सुरुवात केली होती. ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

प्रतिसाद ७
स्वयंपाक एकच ठेवा, वाढायची पद्धत बदला. आमच्या घरी गेली चार वर्षं चालतंय ते असं. भात आणि पोळ्यांचा डबा टेबलावर येतच नाही, ओट्यावर राहतो. टेबलावर भाजी, कोशिंबीर, डाळ, दही, आणि त्या दिवशी जे असेल ते: अंडी, मासे, पनीर, उसळ. सुरुवात त्याने करायची, पाच-सात मिनिटांनी ज्याला जेवढं ठरलंय तेवढी पोळी किंवा भात. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की त्याच भाताने साखर कमी चढते, हे तपासलेलं आहे. शिवाय भूक निम्मी झालेली असते आणि दुसऱ्या वाढीसाठी उठून जावं लागतं. आळस इथे आपल्या बाजूने काम करतो.

भातवाढीचा डाव बदला, लहान घ्या. आमचा जुना डाव म्हणजे फावडं होतं.

भाजी मात्र दुप्पट करावी लागते, आणि चिरायला माणूस लागतो. ज्याचं एचबीए१सी वाढलंय त्याने चिरावी असा आमच्याकडे नियम आहे.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. हिशेब मांडते, कारण मला स्वतःलाच धक्का बसला.

वजनकाटा आणला. आठवडाभर नवऱ्याचं लिहिलं. रोजचा भात दोन वेळचा मिळून ३०० ग्रॅम, म्हणजे ८४ ग्रॅम कर्बोदकं. पोळ्या चार, त्याही ८४. डाळ, दूध, फळ, बटाटा मिळून साधारण ७०. आणि चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४०. दोन चहांबरोबर चार-चार बिस्किटं, एकात ६ धरले तरी ४८. बेरीज ८८! दोन्ही वेळच्या भातापेक्षा जास्त, आणि मी डबा कशाचा चढवला होता माळ्यावर? ऑफिसातली बिस्किटं तर माझ्या हिशेबातच नव्हती. तोही म्हणाला, "मी गोड खातच नाही." त्याच्या लेखी बिस्किट हे गोड नाही, चहाचा भाग आहे.

आता चहा तीन, प्रत्येकात एक चमचा. बिस्किटांच्या जागी मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेले हरभरे. भात निम्मा, पोळ्या चाराच्या तीन. सव्वातीनशे ग्रॅमवरून दोनशेच्या घरात आला, आणि ताटात भात दिसतो म्हणून कुरकुर नाही. पहिले चार-पाच दिवस चहाचं तोंड वाकडं झालं होतं, आता सवय झाली. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालतो. फोनवर बोलत चालतो, पण चालतो. वजन सव्वादोन किलो उतरलंय. त्यात पाणी किती ते विचारू नका, मी वाचलंय वरती.

एचबीए१सी मुद्दाम अजून केलं नाही. तो आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, आत्ता करून नुसती घालमेल.

साबांचं काहीच कमी केलं नाही, दोन्ही वेळा डाळ घट्ट आणि दुपारी एक अंडं वाढवलं. लेकीला पोहून आल्यावर दूध-केळं, ती परत भांडायला लागली आहे, म्हणजे बरी आहे. धाकटा काकडी दह्यात बुडवली तरच खातो, एरवी नाही. चिरण्याचा नियम जाहीर केला, सध्या नवरा कांदा सोडून सगळं चिरतो.

डाव बदलण्याची कल्पना सगळ्यात भारी निघाली. ते कुणालाच कळलं नाही.

एकच अडलंय. रात्री साडेअकराची भूक. फ्रिजचं दार अजून उघडतं. तिथे काय ठेवू?

प्रतिसाद ७ वाल्या
उकडलेली अंडी. सोलून ठेवा. सोलायची असतील तर तो जॅम-पावच घेईल.

प्रतिसाद २ वाले
आणि जॅम साबांच्या कपाटात. साखर उतरली तर त्यांना लागेलच.