यादवी, गृहयुद्ध की आणखी काही?

पानसुपारी: मुलांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं अमेरिकेवरचं एक प्रकरण मराठीत करते आहे. तिथल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत १८६१ ते १८६५ मध्ये जी लढाई झाली, तिला मी सरळ 'यादवी' लिहिलं. संपादकबाईंनी ते खोडून 'गृहयुद्ध' केलं आणि समासात शेरा मारला, 'यादवी मुलांना कळणार नाही.' आमच्याकडे बांधावरून दोन काकांची जुंपली की आजी म्हणायची, 'चालू दे तुमची यादवी.' तेव्हा मी सात वर्षांची होते, मला कळत होतं. 'गृहयुद्ध' मला हिंदी बातम्यांतून आल्यासारखा वाटतो. काय ठेवू? आणि जाता जाता, 'शेअरक्रॉपिंग'ला, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसण्याला, काय म्हणायचं?

निरुक्तप्रेमी: यादवीच. यादवांनी कृष्णाच्या मुलाला, सांबाला, गरोदर बाईचा वेश देऊन ऋषींची थट्टा केली, शापाने मुसळ निपजलं, त्याचं चूर्ण समुद्रात टाकलं, त्यातून एरका गवत उगवलं, आणि प्रभासक्षेत्री दारू प्यालेल्या यादवांनी तेच उपटून एकमेकांना मारलं. महाभारतातलं अख्खं मौसलपर्व तीन अक्षरांत! 'गृहयुद्ध' म्हटलं की मला सासूसुनाच दिसतात.

शेंगदाणा: आणि 'नागरी युद्ध' म्हटलं की नागरी सहकारी पतसंस्थेची निवडणूक.

कोशकिडा: मला यादवी नेमका इथेच खटकतो. यादवीत सगळे एका कुळातले. लढणारे गोरे भाऊ भाऊ असतीलही, पण १८६० च्या शिरगणतीत जे सुमारे ४० लाख गुलाम मोजले गेले, ते कुणाचे भाऊ? त्यांच्यातलेच बरेचसे निळा गणवेश चढवून लढले, उत्तरेच्या फौजेत काळे सैनिक पावणेदोन लाखांवर होते. नंतर मात्र गोष्ट अशी रचली गेली की भावाभावांत बिनसलं होतं, मिटलं. यादवी लिहिलंत की तीच गोष्ट मागच्या दाराने आत येते.

निरुक्तप्रेमी: अर्थ वापरातून ठरतो, असं मागच्या वेळी तुम्हीच मला सुनावलं होतं. 'पक्षात यादवी' छापताना कोण कूळ विचारतं?

पल्याडची: मी दक्षिण कॅरोलायनात राहते. इथे नावावरून अजून धुसफूस आहे. शेजारचे आजोबा 'राज्याराज्यांतलं युद्ध' म्हणतात, उत्तरेच्या सरकारी दप्तरात मात्र ते 'बंडाचं युद्ध'. आजोबांच्या मते भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. आता गंमत बघा, याच राज्याने डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना जे कारणांचं निवेदन काढलं, त्यातली मोठी तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांना हक्क नकोत!

स्वभाषा: सगळे बिनदिक्कत 'गुलाम' लिहीत आहेत. तो अरबी. 'दास' असताना उसनवारी कशाला? दासप्रथा, दासमुक्ती.

शेंगदाणा: मग पत्त्यांत राजा, राणी, दास? बदामचा दास टाका हो काका.

कोशकिडा: मराठीत दास भक्तीकडे गेला. समर्थ आपणहून रामाचे दास झाले, चार्ल्सटनच्या लिलावात उभी केलेली बाई आपणहून उभी नव्हती. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला नाव दिलं तेही 'गुलामगिरी', आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

स्वभाषा: त्याच अर्पणपत्रिकेत 'दास्यत्वापासून मुक्त' असंही आहे. वाचा.

कोशकिडा: 'गुलामांस दास्यत्वापासून' असं आहे. माणूस गुलाम, अवस्था दास्य. मला चालेल.

व. ऱ्हाडे: ताईचा दुसरा प्रश्न राहूनच गेला नं बाप्पा! आमच्या विदर्भात बटई. जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, माल निम्मा निम्मा. पीकही तेच, कापूस.

रंकाळा: आमच्यात 'अर्धलीनं' म्हणतात.

कोशकिडा: दोन्ही शब्द जरा सौम्य पडतात. बटईवाला गावातला कूळ असतो, पिकावर त्याचा हक्क असतो. तिकडे अनेक राज्यांच्या कायद्याने सगळं पीक मालकाचं, राबणाऱ्याचा निम्मा वाटा म्हणजे मालात दिलेली मजुरी. खेचर मालकाचं, बी मालकाचं, पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधार. १९ जून १८६५ ला टेक्सासातल्या गॅल्व्हस्टनमध्ये सुटकेचा हुकूम निघाला, त्यातही पुढे हेच होतं की आहात त्याच घरी गुपचूप राहा आणि मजुरीवर काम करा. मी तर 'सालगडी' लिहीन.

व. ऱ्हाडे: सालगड्याला निम्मा माल कोण देते? माझे आबा सालदार होते. पाडव्याला साल ठरे. वर्षभर जवारी, तेल, मिरची उचल घेतलेली. पुढच्या पाडव्याला मालक वही उघडे, आबा ओसरीच्या खाली उकिडवे बसलेले. मालक बोटानं रकाना दाखवे. आबाला वाचता येत नव्हतं, तरी मान हलवत. 'फिटलं नाही' म्हटलं की नवीन साल. हे गुलामीच आहे असं म्हणत नाही मी, आबाला कोणी विकू शकत नव्हतं. पण बटईचा माणूस ओसरीवर बसते, सालदार खाली. तिकडचा कुठं बसे, ते पाहून शब्द निवडा.

पल्याडची: तो ओसरीवर नक्कीच नसे.

पानसुपारी: तूर्तास 'बटई' लिहून पाठवलं. संपादकबाईंचं उत्तर आलं, 'हे हिंदी आहे का?' यादवीचं काय झालं, विचारायचं राहिलं.

निरुक्तप्रेमी: हिंदी कसलं? वाटणे, वाटा, बटई, सगळी एकच नाळ. 'बटीक'ही त्यातलीच, वाटणीत आलेली ती बटीक.

कोशकिडा: बटकीचा पुरावा द्या.

रंकाळा: आणि अर्धली बरोबर की अर्धेली, तेवढं सांगा.