मेहरूणचा गाळ उपसण्याआधी पाणलोटाचं मॉडेल करा

तलावकाठी, जळगाव
उन्हाळा आला की मेहरूण तलावासाठी एकच मागणी होते: गाळ काढा. पोकलेन येतं, डंपर लागतात, फोटो निघतात. गाळ येतो कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. माझी मागणी आहे की आधी तलावाच्या पूर्ण पाणलोटाचं संगणकीय मॉडेल करावं. उतार, माती, पीक, वस्ती आणि पाऊस भरला की कोणत्या नाल्यातून किती पाणी, माती आणि फॉस्फरस उतरतो याचा अंदाज मिळतो. ‘स्वॅट’ हे असं मॉडेल फुकट उपलब्ध आहे.

अमेरिकेतलं टाहो सरोवर बघा. तिथे पांढरी तबकडी पाण्यात सोडतात आणि ती किती खोलीपर्यंत दिसते ते मोजतात. १९६८ मध्ये ती ३१ मीटरपर्यंत दिसायची, १९९७ मध्ये सरासरी २० मीटरच्याही आत आली. मोजणी आणि मॉडेल जोडल्यावर कळलं की १६ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांपैकी सुमारे ७२ टक्के शहरी भागातून, म्हणजे रस्ते आणि वस्त्यांवरून येतात. जंगलाचं क्षेत्र कितीतरी मोठं, पण त्याचा वाटा लहान. पैसा कुठे लावायचा ते त्यावरून ठरलं.

रावेरचा केळीवाला
थांब भो. मेहरूणच्या वर कॉलन्या आहेत म्हणून तुला हे सोपं वाटतंय. उद्या हेच हतनूर धरणाला लावतील आणि बोट आमच्या केळीकडे दाखवतील. आम्ही खत ठिबकमधून मोजून सोडतो. नकाशात नुसतं ‘केळी’ लिहिलं तर ठिबकवाला आणि पाटाचं पाणी सोडणारा एकाच मापात. शिवाय हतनूरला पाणी येतं मध्य प्रदेशातून आणि विदर्भातून. ४१ दरवाजे उघडतात तेव्हा पाण्याचा रंग बघ. ती सगळी माती आमच्या शिवारातली आहे का?

तलावकाठी
दादा, ठिबकचा फरक मॉडेलमध्ये भरता येतो, फक्त ती माहिती तुमच्याकडून यायला हवी. आणि वरच्या राज्यातून किती गाळ येतो हे सिद्ध करायला तुमच्या हातात दुसरं काय आहे? आज तर नुसत्या तोंडी आरोपावर तुम्ही दोषी ठरता.

निवृत्त, पाटबंधारे
नोकरीत नाले बघत आलो म्हणून लिहितो. मॉडेल जुळवायला मोजलेला प्रवाह लागतो, आणि आपल्या छोट्या नाल्यांवर मापकच नसतो. ३० मीटरच्या चौकोनांच्या उंची-नकाशात कॉलनीतली गटार दिसत नाही, शेताचा बांधही दिसत नाही. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बरीचशी माती दोन-चार धो-धो पावसातच वाहते. दिवसाची बेरीज घेणारं मॉडेल तासाभराचा लोंढा सपाट करून टाकतं. उथळ तलावात वारा तळ ढवळतो, तोही पाणलोटाच्या हिशेबात नाही. टाहोचं म्हणाल तर एवढं सगळं करूनही २०२४ ची सरासरी १९ मीटरच आहे. गाळ काढला तर निदान साठा वाढतो आणि काळी माती शेतात जाते. २०१७ पासूनची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना त्यासाठीच आहे.

भूगोलाची शिक्षिका, धुळे
साहेब, साठा वाढेल, पण पाणी नितळ होणार नाही. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण अगदी स्थिर पाण्यातसुद्धा दिवसाला जेमतेम फूटभर खाली बसतो. आपली काळी माती अशाच कणांनी भरलेली. फॉस्फरस त्यांनाच चिकटून येतो आणि मग शेवाळ धरतं. पोकलेन तळाचा थर काढतं, पाण्यात तरंगणारा कण त्याच्या हाती लागत नाही. तो वरच अडवायला हवा, आणि कुठे अडवायचा हे कळल्याशिवाय माथा ते पायथा काम होणार कसं? शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी आधी खडकाचे थर अभ्यासले, मग नाले खोल-रुंद केले. आपल्याच खानदेशात हे झालंय.

मोजणी नाही हे खरं, म्हणून मोजणीपासून सुरुवात करा. या पावसाळ्यात प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाण्याची उंची मोजायची पट्टी रोवा. पाणी चढताना, भर पुरात आणि उतरताना बाटल्या भरा, गाळून वाळवून वजन करा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे सहज होतं.

निवृत्त, पाटबंधारे
हे करा, माझी हरकत नाही. पट्टी कुठे रोवायची ते मी दाखवतो. पण एका पावसाळ्याच्या आकड्यांवर कोट्यवधींची कामं ठरवू नका, आणि तोवर उपसा थांबवायचं कारण मला तरी दिसत नाही.

रावेरचा केळीवाला
बाटल्या भरायला आम्हीही येऊ. मात्र आमच्या नाल्याचे आकडे आधी ग्रामसभेत वाचून दाखवा, मगच मॉडेलमध्ये घाला. त्याआधी खताच्या गोणीवर बंधन आणलंत, तर माझा विरोध राहील.