जुनी एसएलके गरम झाली की बंद पडते, फ्यूल पंपच गेलाय का?

घोडबंदर_रोडस्टर

नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर, आर १७० बॉडी (ह्या पिढीचा कंपनीचा कोड), मी थर्ड ओनर, राहायला कासारवडवलीला. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये स्टार्ट होते, पाऊण तास लोण्यासारखी पळते, आणि मग दुपारच्या उन्हात मानपाडा ते कापूरबावडी रांगत असताना कसलीही पूर्वसूचना न देता बंद. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी नवीन आहे, पण इंजिन पकडतच नाही. बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहिलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. परवा पातलीपाड्याच्या सिग्नलला हे झालं, मागे टीएमटीची बस, हॉर्नवर हॉर्न, दोन रिक्षावाल्यांनी ढकलून बाजूला लावून दिली म्हणून सुटलो.

टो करून एका वर्कशॉपला नेली तर तिथे पोचेपर्यंत गाडी थंड आणि लगेच स्टार्ट. त्यांनी स्कॅनर लावला, एकही कोड नाही, तरी निकाल तयारच होता, पंप गेलाय, बदलून टाका. पंप, फिल्टर, लेबर मिळून आकडा चाळीस हजाराच्या वर जातोय आणि पार्ट बाहेरून मागवायचा म्हणून पैसे आधी द्या म्हणतात.

पंप घेऊन टाकू का? की कुर्ल्याच्या मार्केटमध्ये जुना चालू पंप मिळाला तर तो लावून बघू? नेमकं काय तपासायचं ते सांगा, हात काळे करायची तयारी आहे, मल्टीमीटर आहे, टेस्ट लॅम्प पण आहे.

ई२०_विरोधी

भाऊ सरळ आहे, पेट्रोल. २० टक्के इथेनॉल घालून देतायत आणि ह्या गाड्या बनल्या तेव्हा हे असलं काही डोक्यात पण नव्हतं कोणाच्या. पंपाचे सील फुगतात, पाइप फुगतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटून फिल्टरमध्ये जाऊन बसतो. १०० ऑक्टेनवालं टाका, एक्सपी १०० मध्ये इथेनॉल नसतं. महाग आहे, दीडशेच्या वर जातं लिटरला, पण रविवारची गाडी आहे ना, परवडेल.

रबाळेकर

ई२० भाऊंचं अर्धं बरोबर आहे. पाइप, सील, फिल्टर ह्यांचं नुकसान होतं, आणि पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी टाकीच्या तळाला वेगळं होऊन बसतं, हे सगळं खरं. पण फिल्टर चोंदला तर गाडी आधी पिकअप सोडते, तिसऱ्या-चौथ्या गिअरला दाबली की अडखळते, चढाला दम लागतो. फुगलेला पाइप अर्ध्या तासात आपोआप बरा होत नाही. "गरम झाली की ठप्प, थंड झाली की ठणठणीत" हे लक्षण निम्म्याहून जास्त वेळा विजेचं असतं.

मी इथे एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो आणि जुन्या जर्मन गाड्यांचं वेड आहे म्हणून जरा लांबड लावतो, सांभाळून घ्या.

तुमच्या वर्कशॉपने जी गाडी तपासली ती चालू गाडी होती. चालू गाडीत पंपाला करंट पण येतोय आणि पेट्रोल पण जातंय, मग त्यात सापडणार काय? ही गाडी बंद पडलेली असतानाच, जागेवर, त्या अर्ध्या तासात तपासायची. त्याआधी एक रुपयाचा पार्ट घेऊ नका.

बंद पडली की पहिलं, पेट्रोलचं झाकण उघडा. जोरात सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायची वाट) चोंदलाय, पंप बिचारा व्हॅक्यूमशी झगडतोय. फुकटची टेस्ट आहे म्हणून आधी.

मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का हे ओळखणारा) गरम झाल्यावर मरायची ह्या एम १११ इंजिनाला सवय आहे, आणि सेन्सर मेला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन फिरतच नाहीये, त्यामुळे तो पंपाचा करंट पण तोडतो. म्हणजे पंप मुका असतो पण दोष त्याचा नसतो. काटा थोडासा जरी उठला तर सेन्सर जवळजवळ सुटला. नाही उठला तरी लगेच सेन्सर विकत घेऊ नका, काही मीटर इतक्या कमी आरपीएमला काटा हलवतच नाहीत.

तिसरं आणि खरं काम पंपापाशी. ह्या गाडीचा पंप टाकीत नसतो, मागच्या ॲक्सलच्या पुढे गाडीखाली कव्हरमागे फिल्टरच्या शेजारी असतो. पंपाच्या दोन टर्मिनलवर वायरी नटने लावलेल्या असतात, प्लस-मायनसचे नट वेगवेगळ्या साइजचे, उलटे लागू नयेत म्हणून. आत्ता घरी गाडी थंड असताना तिथून दोन जाड वायरी काढून डिकीपर्यंत आणून ठेवा, टोकांना नीट टेप मारून, आणि प्लसच्या वायरीत टर्मिनलजवळच फ्यूज घाला म्हणजे कुठे घासली तरी ठिणगीचा खेळ नको. रस्त्यावर गाडीखाली झोपायची वेळ येणार नाही. बंद पडली की त्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा, शक्यतो जुना हेडलाइटचा बल्ब, कारण नुसता मल्टीमीटर फसवतो, तुटत आलेल्या जॉइंटमधूनही १२ व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की सगळं बसतं. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. बल्ब लख्ख पेटला आणि तरी पंप गप्प असला तर पंप मेला, खुशाल बदला. बल्ब पेटलाच नाही तर पंपाला हात लावू नका, वरती चला.

वरती म्हणजे के ४० मॉड्यूल. इंजिन बेमधल्या डब्यात असतं, काळं, डोक्यावर फ्यूज बसवलेले, आत सगळे रिले (विजेवर चालणारे स्विच) एकाच बोर्डावर. पंपाचा रिले पण त्यातच. जड रिले, इंजिनची धग, वीस-पंचवीस वर्षं तापणं-निवणं, मग पिनांचा डाख (सोल्डर) तडकतो. आर १७० वाल्यांमध्ये जगभर हे दुखणं प्रसिद्ध आहे.

कुर्ल्याचा जुना पंप अजिबात नको. किती महिने कोरडा पडून होता कोणास ठाऊक, आतून गंजलेला असतो. झिजणारी वस्तू सेकंडहँड घेऊ नये.

खारघरची_झेन

रबाळेकर दादांचं सगळं मान्य, फक्त एक सांगते, कारण इथे लोक वाचतात आणि लगेच स्पॅनर घेऊन खाली जातात. पेट्रोलची लाइन उघडायची असेल तर बेसमेंट किंवा स्टिल्ट पार्किंगमध्ये नाही, उघड्यावर. इंजिन बंद केल्यावरसुद्धा लाइनमध्ये तीन बारच्या वर प्रेशर राहतं, आधी ते सोडायचं, नट सैल करताना फडकं गुंडाळायचं, डोळ्यावर चष्मा. लटकवायचा पिवळा बल्ब वापरू नका, पेट्रोलचा थेंब पडला आणि काच फुटली की संपलं, एलईडी टॉर्च घ्या. आणि पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, डिकीत सामानाखाली नाही.

मुलुंड_चेकनाका

आमच्या वेळी प्रीमियर पद्मिनीचा पंप घाटात गरम झाला की ओलं फडकं टाकायचो, पाच मिनिटांत चालू. 😀 तो मेकॅनिकल पंप इंजिनलाच चिकटलेला आणि ओढून घेणारा, म्हणून पेट्रोलची वाफ व्हायची. ह्यांच्या गाडीत पंप मागून ढकलतो आणि प्रेशरमध्ये उकळायचा प्रश्न फारसा येत नाही, तेव्हा वेपर लॉक वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका. बाकी रोडस्टर साहेब, छप्पर उघडून घोडबंदर रोडवर मे महिन्यात फिरायचं म्हणजे तुमच्या डोक्याचा पण रिले तपासावा लागेल.

घोडबंदर_रोडस्टर

काका 😂 छप्पर बंदच असतं, एसी चालू.

अपडेट देतो. सांगितलं तसं फ्यूजसकट वायरी काढून डिकीत आणल्या होत्या, कव्हर उघडलं तर पंपाच्या मायनस टर्मिनलवर हिरवट थर होता, तो घासून साफ केला. मग मुद्दाम भर दुपारी सर्व्हिस रोडला फिरवत बसलो, आणि नेहमी नको तिथे बंद पडणारी बाई त्या दिवशी पडेचना. शेवटी एसी फुल करून सावली नसलेल्या जागी आयडलला ठेवली तेव्हा गेली.

झाकण उघडलं, काही आवाज नाही. काटा सेल्फ मारताना थोडा थरथरला. डिकीत हेडलाइटचा बल्ब लावला, मेव्हण्याने सेल्फ मारला, बल्ब ठार अंधार. मग बॉनेट उघडून के ४० वर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टक टक केलं आणि मेव्हणा मागून ओरडला, पेटला पेटला!! दुसऱ्या सेल्फला गाडी चालू.

घरी आणून मॉड्यूल खोललं. भिंग लावून बघितलं तर जाड पिनांपैकी तीन पिनांभोवती केसाएवढी बारीक काळी गोल रेघ, बोटाने रिले हलवला की पिन त्या रेघेच्या आत हलताना दिसते. आता प्रश्न, नुसता गरम करून डाख वितळवला तर चालेल ना? की नवीन मॉड्यूल?

रबाळेकर

वा! नुसता वितळवू नका. जुना डाख विकने (डाख शोषणारी तांब्याची जाळी) ओढून पूर्ण काढा, पिन आणि पॅड स्वच्छ करा, फ्लक्स लावा, मग नवीन ६०/४० डाख (कथील-शिसं) भरा. जाड पिनांना ६० वॅटचा, चपट्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न तरी पाहिजे, मोबाइलवाल्याचा सुईसारखा टोकाचा चालणार नाही, वरून चमकतो आणि आत थंड जॉइंट राहतो. तीनच नाही, बोर्डावरच्या सगळ्या जाड पिना करून घ्या, त्यांनीही तेवढीच वर्षं खाल्लीयेत. पंपाच्या रिलेचं कव्हर निघत असेल तर कॉन्टॅक्ट बघा, जळून खड्डे पडले असतील तर तेवढा रिले बदला. जुनं सेकंडहँड मॉड्यूल घेऊन उपयोग नाही, तोच डाख, तेवढाच जुना. नवीन मिळालं आणि खिसा परवानगी देत असेल तर उत्तमच.

आणि बोर्ड परत बसवल्यावर क्लॅम्प मीटरने पंपाचा करंट एकदा बघा, डीसी मोजणारा क्लॅम्प लागेल. अशा पंपांना साधारण ५ ते ९ अँपियर लागतात. त्याच्यावर जात असेल तर पंप जड चाललाय किंवा फिल्टर चोंदलाय, आणि जास्त करंट ओढूनच तो रिलेला भाजत होता.

घोडबंदर_रोडस्टर

डाख केला. परवा संध्याकाळी ऐरोलीहून वाशी, पाम बीच, परत ठाणे, सगळ्या ट्रॅफिकमध्ये, एकदाही बंद नाही. करंट साडेसात येतोय. एकच राहिलंय, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी स्टार्ट केलं तर चार-पाच सेकंद सेल्फ घ्यावा लागतो, मग पकडते. थंड असताना नाही. हे आधीपण होतं पण बंद पडण्याच्या टेन्शनमध्ये लक्ष नव्हतं.

ई२०_विरोधी

आता तरी मान्य करा पाइप!

रबाळेकर

असू शकतं, ह्या वेळी तुमची बाजू घेतो 🙂 इंजिन बंद केल्यावर लाइनमधलं प्रेशर टिकत नाहीये. एकतर पंपाच्या तोंडाशी असलेला चेक वाल्व (पेट्रोल मागे येऊ न देणारा) गळतोय, किंवा प्रेशर रेग्युलेटर, किंवा एखादा इंजेक्टर टपकतोय. बाहेर वास येत असेल तर आधी पाइप बघा, रबर दाबून बघा, मऊ चिकट लागलं किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला. इंजेक्शनसाठीचा आर९ लिहिलेला पाइप मागा, दुकानदार स्वस्तातला कार्ब्युरेटरवाला देईल, तो ह्या प्रेशरला लावायचा नाही. सध्या चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा, दर वेळी पंप क्षणभर फिरून लाइन भरतो. तेवढ्याने लगेच स्टार्ट झाली तर निदान पक्कं.

गेज लावून कोण गळतंय ते कळेल, गेज माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी रबाळेला घेऊन या. टाकी फुल करून येऊ नका, पंपापाशी पाइप काढावा लागला तर वरून धार लागेल.

घोडबंदर_रोडस्टर

रविवार पक्का. काटा पावच्या खाली आहे, तसाच ठेवतो.