‘ताठ बस’ म्हटलं की मूल ताठ बसतं का? शाळेत पाठीचा तास हवा की नको

शाईचीदौत
काल रद्दीवाला आला होता. त्याच्या काट्याला लेकीचं दप्तर अडकवून बघितलं. ५ किलो ४०० ग्रॅम! लेक पाचवीत, वजन २७ किलो. महाराष्ट्र शासनाचा जुलै २०१५ चा निर्णय म्हणतो, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे हिचं २ किलो ७०० ग्रॅम हवं. बरोबर दुप्पट भरलं. घरी आली की दप्तर फेकते आणि पोक काढून टीव्हीपुढे बसते.
माझं म्हणणं एवढंच, की आठवड्यातून एक तास शाळेने पाठीसाठी द्यावा. बसायचं कसं, दप्तर दोन्ही खांद्यांवर कसं घ्यायचं, खालची वस्तू कशी उचलायची. दात घासायला शिकवतो, मग हे का नाही?

माळावरचा मास्तर
आणखी एक तास? वेळापत्रकात बसवून दाखवा, मी शिकवतो.
माझ्या वर्गातले बाक सगळे एकाच मापाचे आहेत. तिसरीतला पोरगा बसला की पाय लोंबकळतात, आठवीतल्याचे गुडघे वरच्या फळीला लागतात. पाय टेकत नाहीत तो दहा मिनिटांत पुढे घसरतो आणि पोक काढतो. त्याला ‘ताठ बस’ सांगायचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दोन वर्षांपूर्वी गावातल्या सुताराकडून बाकांखाली पाय टेकायला आडव्या फळ्या ठोकून घेतल्या. न ओरडता फरक पडला.

मणकाबाई
रोज हेच काम करते (फिजिओ आहे), म्हणून दोघांशीही थोडं भांडते. मास्तरांच्या फळ्या उत्तम. पण ‘ताठ’ म्हणजे चांगलं, हे दोघांनीही गृहीत धरलंय. बसायची एकच योग्य पद्धत असते आणि ती मोडली की पाठ दुखते, याला भक्कम पुरावा नाही. ताठ बसवलेलं मूलही तासभर हललं नाही तर अवघडतंच. दप्तराचंही तसंच. २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. दप्तराच्या वजनाने मुलांची पाठदुखी वाढते असा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही.
जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असं खेळायला सांगते. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो. पाठीचा तास कसला मागता, तो पी.टी.चा आधी परत मागा!

शाईचीदौत
पुरावा नाही म्हणून ५ किलो ४०० ग्रॅम चालवून घ्यायचे? आंघोळीच्या वेळी लेकीच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ दिसतात. ते मी कुठल्या आढाव्यात वाचलेले नाहीत.

मणकाबाई
चालवून घ्या असं कुठे म्हटलं? वळ उठतात, पोर दमते, तर वजन कमी कराच. फक्त ‘दप्तराने मणका वाकडा होईल’ अशी भीती तिला घालू नका. स्वतःच्या पाठीला जपून जपून वागणारी पोरं मी पाहते, त्यांना वाकायचीही धास्ती वाटते.

पेन्शनीतला
आम्ही जमिनीवर बस्करावर बसायचो. पोक काढला की गुरुजींचा धपाटा पाठीत. पोक काही गेला नाही, अजून आहे. मास्तरांना माझं मत.

टाचणी
माझा अनुभव जरा वेगळा आहे. मुलगी बारा वर्षांची असताना वर्षभर ‘खांदे सरळ ठेव’ म्हणून तिच्या मागे लागले होते. गणवेशाचं माप घेताना शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, हिचा उजवा खांदा वर आहे, तुमच्या लक्षात आलंय का? स्कोलिओसिस निघाला, म्हणजे मणका एका बाजूला वाकलेला. या वयात होतो त्यातल्या बहुतेकांचं कारणच सापडत नाही. पोक काढल्याने होत नाही, दप्तरानेही नाही. म्हणजे मी वर्षभर उगाच ओरडले.
शाळेने एकच गोष्ट करावी. मुलाने पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायचं आणि मागून कुणी बघायचं, की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का. अर्ध्या मिनिटाचं काम. दिसलं तर डॉक्टरकडे. उंची वाढत असताना कळलं तर पुष्कळ मुलांना पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याचा (ब्रेसचा) उपयोग होतो. वेगळा तास कशाला, उंची-वजन घेता तेव्हाच उरका.

माळावरचा मास्तर
टाचणीताई, हे जमण्यासारखं आहे. मुलींना आमच्या बाई बघतील. सोमवारी बोलतो.
शाईचीदौत, त्या दप्तरात होतं तरी काय? दप्तर हलकं व्हावं म्हणून २०२३ मध्ये सरकारची चार भागांत विभागलेली पुस्तकं आली, वहीची पानं आतच. पोरं तरी वेगळ्या वह्या आणतच राहिली. २०२५ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. म्हणून विचारतो.

शाईचीदौत
आत्ता सगळं पलंगावर ओतलंय. पुस्तकं चार, वह्या सात, वर्कबुकं दोन, चित्रकलेची वही (काल चित्रकला नव्हतीच), डबा. आणि स्टीलची लिटरची बाटली, भरलेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नुसती बाटली १ किलो ३०० भरली. शाळेतलं पाणी पिऊ नकोस, असं मीच सांगून ठेवलंय. उद्या शाळेत जाऊन टाकी कधी धुतात ते विचारते.