मदत हवी आहे: .सीएचएम मॅन्युअल उघडतं, डावीकडे अनुक्रमणिका दिसते, उजवीकडे पान कोरं

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक लेथ, माणसं सहा. कॉम्प्युटरमधलं मला ड्रॉइंग उघडणं, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकणं आणि जीएसटी भरणं एवढंच येतं, त्यामुळे उत्तर जरा सावकाश समजावून द्या.

दोन वर्षांपूर्वी दुसरं व्हीएमसी सेकंडहँड घेतलं. त्याचं छापील मॅन्युअल नाही, फक्त सीडी होती. ती सीडी ज्या जुन्या विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर चालायची तो कॉम्प्युटर या पावसाळ्यात गेला, आणि सीडीला तर ओरखडेच ओरखडे. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी बिचाऱ्यांनी मेलवर झिप पाठवली. ती ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरवर (विंडोज ११) उतरवून घेतली, मोकळी केली. आत चाळीसेक फाइल आहेत, बहुतेक .सीएचएम, दोन .एचएलपी.

सीएचएमवर डबल क्लिक केलं की खिडकी उघडते. डावीकडे धड्यांची यादी अगदी व्यवस्थित दिसते, पुस्तकाचं चित्र, प्लसवर टिचकी मारली की पोटविभागही उघडतात. पण कुठल्याही नावावर क्लिक करा, उजवीकडे एकच इंग्रजी वाक्य: नेव्हिगेशन टू द वेबपेज वॉज कॅन्सल्ड. वेबपेज म्हणतंय म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला. काही फरक नाही. एम. जी. रोडवर एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो, तिथला पोरगा म्हणाला फाइल करप्ट आहे, नाहीतर विंडोज फॉरमॅट मारू. मी परत आलो.

फाइल इथे आहे: डी ड्राइव्ह, त्यात वर्कशॉप, त्यात व्हीएमसी #२, त्यात मॅन्युअल. (फोल्डरची नावं इंग्रजीतच आहेत, इथे मराठीत लिहितोय.)

घाई अशासाठी की टूल चेंजरचा (मशीनमधलं टूल आपोआप बदलणारा भाग) आर्म अर्ध्यात थांबतो आणि अलार्म येतो. अलार्मचं नाव डावीकडच्या यादीत मला डोळ्यांनी दिसतंय, पान तेवढं उघडत नाही! सर्व्हिस इंजिनिअर यायचा म्हणजे व्हिजिटचे पैसे आणि तीन दिवस.

– टर्नर_अंबड

पांढरा_कावळा:
फाइल करप्ट नाही. करप्ट असती तर डावीकडची यादीही आली नसती, कारण यादी आणि पानं एकाच फाइलीत दाबून भरलेली असतात. सीएचएम म्हणजे एचटीएमएलची पानं बांधून केलेलं गाठोडं, १९९७ पासूनची पद्धत. ते दाखवायचं काम इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन करतं. एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण त्याचं इंजिन विंडोजच्या पोटात अजून आहे. म्हणून तुमच्या डिस्कवरच्या फाइलीलाही ते 'वेबपेज' म्हणतं. इंटरनेटचा काही संबंध नाही, हॉटस्पॉट बंद करा.

मेलवरून किंवा नेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक चिठ्ठी चिकटवतं: ही बाहेरून आलेली आहे. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून हे सुरू आहे. सीएचएममध्ये स्क्रिप्ट घालून लोकांनी उच्छाद मांडला होता, मग जून २००५ च्या सुरक्षा अपडेटने अशा फाइलींची पानं दाखवायचंच बंद केलं. यादी दाखवतो, पान नाही. आणि का नाही ते सांगतही नाही, हाच त्यातला वैताग.

करायचं एवढंच: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅब. अगदी खाली सिक्युरिटी असं लिहिलेलं असेल आणि शेजारी अनब्लॉक. तिथे टिक करा, ओके.

चाळीस फाइलींना चाळीस वेळा करू नका. मोकळ्या केलेल्या सगळ्या उडवा, मूळ झिपला अनब्लॉक करा आणि मग पुन्हा मोकळी करा. झिपवर चिठ्ठी असली की विंडोज आतल्या प्रत्येक फाइलीवर तिची नक्कल डकवतं.

जळगावची_केळी:
भो, आमच्या हापिसात एक जण असल्या फायली आधी पेनड्राइव्हवर टाकतो, मग परत कॉम्प्युटरवर घेतो, मग म्हणे उघडतात. आम्ही त्याला येडा समजत होतो.

पांढरा_कावळा:
येडा नाही तो. ती चिठ्ठी एनटीएफएसवरच टिकते, म्हणजे विंडोजची डिस्क ज्या पद्धतीने फाइली ठेवते तिच्यात. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीचा असला की तिथे चिठ्ठीला जागाच नाही, ती गळून पडते. कारण माहीत नसलं तरी त्याचा उपाय बरोबर आहे.

टर्नर_अंबड:
दादा, झिप अनब्लॉक केली. खरंच खाली ते खोकं होतं, इतक्या वर्षांत कधी नजरेला पडलं नव्हतं. सगळं उडवून पुन्हा त्याच जागी मोकळं केलं. आता फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक दिसत नाही, म्हणजे चिठ्ठी गेली असणार.

पण पान अजून कोरंच! तेच वाक्य. डावीकडे यादी, उजवीकडे कॅन्सल्ड. आता काय म्हणावं?

मिसळ_कमी_तिखट:
पीडीएफ मागवून घ्या ना सरळ.

टर्नर_अंबड:
असती तर दिली नसती का हो त्यांनी.

रात्रपाळी:
धागा वरून खाली वाचला. मालक, तुमच्या फोल्डरच्या नावातच घोळ आहे. व्हीएमसी #२. त्या # चिन्हाकडे बघा.

सीएचएममधलं पान मागताना विंडोज आतल्या आत एक पत्ता तयार करतं: आधी फाइल डिस्कवर कुठे आहे तो रस्ता, मग दोन विसर्गचिन्हं, मग पानाचं नाव. हा पत्ता वाचणारा शेवटी ब्राउझरच. आणि ब्राउझरच्या भाषेत # म्हणजे 'पत्ता इथे संपला, पुढे आहे ती पानातली जागा'. म्हणजे तुमचा पत्ता 'व्हीएमसी' या शब्दापाशीच तुटतो आणि पान सापडत नाही. यादी मात्र सापडते, कारण ती ब्राउझरकडून येत नाही, मदत-खिडकी स्वतः वाचते. मी सी# ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो तेव्हा त्याच नावाच्या फोल्डरमध्ये सगळी पुस्तकं ठेवली होती. दोन रात्री घालवल्या होत्या मी यावर.

तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकदमच होती. पहिलं बरं झालं, पण लक्षण तेच राहिलं, म्हणून पहिला उपाय फुकट गेला असं वाटलं. नाही गेला. आता फाइल उचलून डेस्कटॉपवर टाका आणि उघडा.

टर्नर_अंबड:
डेस्कटॉपवर टाकली. आगीतून फुफाट्यात. आता खिडकीच उघडत नाही, एक छोटा डबा येतो: कॅनॉट ओपन द फाइल. डी ड्राइव्हवर निदान यादी तरी दिसत होती.

रात्रपाळी:
डब्यातलं सगळं वाक्य जसंच्या तसं लिहा. एकही अक्षर गाळू नका.

टर्नर_अंबड:
कॅनॉट ओपन द फाइल, मग एमके, @, एमएसआयटीस्टोअर असं काहीतरी, मग सी, युझर्स, मग नुसती प्रश्नचिन्हं, पुष्कळ, मग डेस्कटॉप आणि फाइलीचं नाव.

रात्रपाळी:
प्रश्नचिन्हं! विंडोजमध्ये तुमच्या खात्याचं नाव काय ठेवलंय? मराठीत?

टर्नर_अंबड:
हो. 'अंबड ऑफिस' असं मराठीत. नवा कॉम्प्युटर लावला तेव्हा भाच्याने हौसेने मराठीत टाकलं, मलाही बरं वाटलं होतं. त्याचा काय संबंध?

रात्रपाळी:
डेस्कटॉप म्हणजे काही हवेत नसतो. सी ड्राइव्हवर युझर्समध्ये तुमच्या खात्याच्या नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आत तो. भाच्याने नाव देवनागरीत दिलं, तर फोल्डरही देवनागरीत झालं. आणि ही मदत-खिडकी युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच तक्ता) सगळीकडे रुळण्याआधीच्या धाटणीची. तिला रस्त्यातली अक्षरं जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे एकेका लिपीच्या छोट्या तक्त्यात, लागतात. रशियन, ग्रीक अशा लिप्यांना विंडोजची तशी कोडपेजं होती. देवनागरीला ती कधी मिळालीच नाही, विंडोजमध्ये ती आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे या खिडकीला 'अंबड ऑफिस' म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. प्रश्नचिन्हांच्या नावाचं फोल्डर डिस्कवर नाही, मग फाइल उघडणार कशी?

(भाच्याला रागावू नका. एरवी मराठी नावाने काही बिघडत नाही. २५ वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर मध्ये आलं की बिघडतं. आणि खात्याचं नाव आता बदलायच्या फंदात पडू नका, ते बदललं तरी फोल्डरचं नाव आपोआप बदलत नाही.)

सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा, इंग्रजीत, नुसतं 'मॅन्युअल'. # नको, % नको, मराठी नको. त्यात फाइल टाका.

टर्नर_अंबड:
उघडली!!!

पान दिसलं. चित्रासकट. टूल ठेवायच्या मॅगझिनचं चित्र, आर्मचं चित्र, बाणाने सेन्सर दाखवलाय, आणि खाली अलार्मची कारणं लिहिलीत. मी खुर्चीवरून उठून पोरांना हाक मारली. संध्याकाळचे सात वाजले होते, सगळे घरी निघालेले, पण थांबले.

कव्हर काढलं तर आर्मच्या मागचा प्रॉक्झिमिटी सेन्सर (आर्म जवळ आला की ओळखणारा) दिसतच नव्हता. कूलंटचा चिकट थर आणि त्यात ॲल्युमिनियमची बारीक चिप रुतून बसलेली, नखाएवढा गोळा झालेला. फडक्याने पुसला, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढी फट फीलर गेजने बघितली, आर्म हाताने मूळ जागी आणला. टूल चेंज पाच वेळा करून पाहिला. थांबला नाही.

रात्रपाळी, पांढरा कावळा, दोघांनाही अंबडला आलात तर मिसळ माझ्याकडून. तिखट हवी तेवढी.

दोन गोष्टी राहिल्यात. शॉप फ्लोअरवरच्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचीच फाइल उघडली तर तिकडे पुन्हा कोरं पान. आणि त्या दोन .एचएलपी, त्या कशानेच उघडत नाहीत.

पांढरा_कावळा:
नेटवर्कवरून उघडणार नाही. २००५ च्या त्याच अपडेटने दुसऱ्या कॉम्प्युटरवरची सीएचएम उघडणंही बंद केलं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही) मॅक्स अलाउड झोन नावाचा आकडा १ केला की ऑफिसच्या नेटवर्कपुरतं ते सैल होतं. मोठ्या कंपन्यांत तसं करतात, तुम्ही कशाला रजिस्ट्रीत हात घालता? दोनच कॉम्प्युटर आहेत. फाइल तिकडच्या सी ड्राइव्हवर कॉपी करा, विषय संपला.

तुम्ही करायलाच हवं असं एक काम आहे. सेव्हन-झिपने ही सीएचएम झिपसारखीच मोकळी करता येते. आतली सगळी एचटीएमएलची पानं आणि चित्रं सुटी निघतात, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात, मोबाइलवरसुद्धा. विंडोजचा स्वतःचा एचएच नावाचा प्रोग्रॅमही डीकंपाइल हा पर्याय देऊन हेच करतो. एकदा काढून ठेवा. उद्या विंडोजने ही मदत-खिडकीच काढून टाकली तरी तुमचं अडणार नाही. आणि नुसती वाचायची असेल तर सुमात्रा पीडीएफमध्येही सीएचएम उघडते.

रात्रपाळी:
एचएलपीचं वेगळं आहे. ती सीएचएमच्याही आधीची, १९९० च्या विंडोज ३.० पासूनची. तिला विनहेल्प नावाचा प्रोग्रॅम लागतो. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने तो विंडोजमधून काढला. व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ साठी तो वेगळा उतरवून घेता यायचा, १० साठी दिलाच नाही, ११ चं तर नावच नको. कुठल्यातरी साइटवरून विनहेल्पचा प्रोग्रॅम उतरवून ११ मध्ये कोंबू नका, त्यासोबत काय येईल सांगता येत नाही.

कोणाकडे विंडोज एक्सपीचा जुना लॅपटॉप पडून असेल तर बघा. एक्सपीत ते आपोआप उघडेल. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी टाकावी लागेल. आणि हो, एचएलपीच्या शेजारी त्याच नावाची .सीएनटी फाइल असेल तर तीही बरोबर न्या. अनुक्रमणिका तिच्यात असते.

टर्नर_अंबड:
सीएचएम सेव्हन-झिपने मोकळी करून ठेवली, मोबाइलवरही घेतली. अलार्मची नऊ पानं प्रिंट काढून लॅमिनेट करून मशीनच्या दारावर लावली.

एचएलपीसाठी सातपूरच्या एका मित्राकडे एक्सपीचा लॅपटॉप निघाला, बॅटरी मेलेली, चार्जर लावून चालतो. दोन्ही उघडल्या. एक टूल प्रीसेटरची (टूलची लांबी-व्यास मोजायचं यंत्र) निघाली, तो तर आम्ही कधीच विकला.

ऑफिसमधल्या फोल्डरचं नाव बदललं. मशीनवर ऑइल पेंटने #२ लिहिलंय ते तसंच ठेवलंय.