मान न दुखताही मज्जारज्जूवर दाब

मानेच्या एमआरआयमध्ये डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं) निघालं की ‘पन्नाशीनंतर बहुतेकांच्या रिपोर्टात ते असतं, घाबरू नका’ असं सांगतात. हे खरं, पण अर्धंच. एमआरआयच्या टी२ चित्रात (यात पाणी पांढरं दिसतं) मज्जारज्जूच्या पुढंमागं पाण्याची पांढरी रेघ दिसते. ती पुसली गेली असेल आणि खुद्द रज्जूतच पांढरट डाग असेल, तर नुसतं वय म्हणून सोडू नका.

आमच्या बाबांची मान कधी दुखलीच नाही. धुऱ्यावरून चालताना तोल जायचा, म्हणून आधी कमरेचा एमआरआय झाला. कापूस वेचताना बोंड हातातून सुटायचं, सदऱ्याची बटणं आई लावून द्यायची, हे कोणी विचारलंच नाही. मानेत रज्जूवर दाब आहे का हे बघायची साधी चाचणी म्हणजे मूठ १० सेकंदांत २० वेळा तरी उघडमीट व्हावी. त्यांची ११ वर अडकली. मग मानेचा एमआरआय काढला. दाब सी५-६ वर, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये.